मोगरा माहेरचा नव्हता
हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. ह्यांच्याजवळ नाही, पोटच्या मुलींजवळही नाही. तुमच्याजवळ बोलते. पण आधी बागेचं सांगू द्या हं — बागेचं नाव निघालं की मला अजून राहवत नाही!

सदुसष्ट साली आम्ही पिंपरीला कंपनीच्या वसाहतीत राहायला आलो. खोलीमागे दहा पावलं जागा. आणि जागा तरी कसली? नुसता मुरूम, वर बांधकामाचा राडारोडा! मी मेथी टाकली, उगवली नाही. कोथिंबीर जरा वर आली तर कोंबड्यांनी फस्त केली. हे फर्स्ट शिफ्टहून आले की दारात उभे राहून हसायचे. म्हणायचे, इथं लोखंड पेर, तेच येईल. असा राग यायचा मला!

शेजारी कौसल्या राहायची. नवरा फाउंड्रीत, दोन मुलं. आमच्यामध्ये नुसतं तारेचं कुंपण. माझी धडपड तिनं चार दिवस बघितली आणि पाचव्या दिवशी घमेलं घेऊन आली. "ताई, आधी माती करा, मग रोप लावा." बस्स! तो अख्खा उन्हाळा आम्ही दोघींनी पवनेच्या काठचा गाळ डोक्यावरून आणला. मान मोडून यायची, पण काय मजा होती! दुसऱ्या वर्षी तारेवर चवळी चढली. वांगी लागली. शेवग्याची नुसती फांदी रोवली होती, ती बघता बघता पत्र्याला टेकली. मी सकाळी तोंडही न धुता आधी बाहेर पळायची — आज काय फुटलं?

आणि तिसऱ्या वर्षी मोगरा. कौसल्यानं तिच्या मोगऱ्याची एक फांदी तारेखालून माझ्या बाजूला वाकवली, मातीत दाबली, वर दगड ठेवला. दीड महिना हात लावायचा नाही म्हणाली. मला कुठला धीर! रोज दगड उचलून बघायची. एकदा तिनं पकडलंच — "अहो, पोर निजलंय समजा, सारखं उठवताय काय!" मुळं धरल्यावर तिनं फांदी मधून तोडली आणि ते रोप माझं झालं. पुढचं सगळंही तिनंच शिकवलं. पौषात पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, झाड मेलंसं वाटलं की शेणखत घालून भरपूर पाणी द्यायचं. चैत्रात काय फुललं म्हणता! बटणाएवढ्या टपोऱ्या कळ्या, ओंजळ पुरेना. मी अक्षरशः नाचले.

यात लपवण्यासारखं काय? — असं तुम्ही म्हणाल. सांगते.

त्याच चैत्रात सासूबाई गावाहून कायमच्या आमच्याकडे आल्या. कडक सोवळ्याच्या. कौसल्याचं घर बौद्धांचं आहे हे कळल्याबरोबर त्यांनी बजावलं, त्या घरचं काही आपल्यात आणायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परडी घेऊन मागे आल्या, मोगरा बघून हरखल्या. म्हणाल्या, देवाला फुलं झाली हो, हा कुठून आणलास? मी म्हणाले — माहेरचा. भोरहून आणलेला.

कौसल्या तारेपलीकडे कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं. तिनं ऐकलं हे मी बघितलं.

भीती होती का? पहिल्या दिवशी होती. पण नंतर? चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी फुलं वाटली आणि रंगवून सांगितलं, आजीनं लावलेला हो, विहिरीकाठचा! माझ्या आजीनं जन्मात साधी मिरची लावली नव्हती. मला ते सांगायला आवडायला लागलं — खरी गोष्ट ही आहे. चार वर्षांत सगळ्या कुंपणाला मोगरा झाला. बायका फांद्या न्यायच्या, वसाहतभर त्याला 'भोरचा मोगरा' म्हणायचे आणि माझी छाती फुगायची. एकीनं कौसल्यालाच विचारलं, तुझाही तसलाच दिसतो गं, कुणाकडचा? तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "यांच्याकडचाच." मला हायसं वाटलं. लाज नाही, हायसं! त्यानंतर ती तारेपाशी कमी यायला लागली. मीही सासूबाई दुपारी लवंडल्या की तेवढंच बोलायची.

पुढे सासूबाई गेल्या. आता कुणाला भ्यायचं होतं? कुणालाच नाही. तरी मी बोलले नाही.

मग कौसल्याच्या नवऱ्यानं काळेवाडीत दोन खोल्या बांधल्या. जायच्या आधी महिनाभर त्यांच्या बाजूनं गटाराचं खोदकाम निघालं आणि तिचा मोगरा मुळासकट उपटला गेला. जायच्या दिवशी ती आमच्याकडे आली. तारेकडून नाही, पुढच्या दारानं — इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या ओट्यावर चार बायका गव्हले करत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर म्हणाली, "ताई, तुमच्या माहेरच्या मोगऱ्याची एक फांदी द्याल का? नव्या घरी लावीन म्हणते."

टोमणा नव्हता हो. आवाजात टोमण्याचा लवलेशही नव्हता. तिला खरंच फांदी हवी होती, आणि ती मिळवायला माझं खोटं तिला स्वतःच्या तोंडानं बोलावं लागलं. अगं, तुझाच आहे तो — एवढंच म्हणायचं होतं मला. जिभेवर आलं होतं. बायका बघत होत्या.

मी आत जाऊन विळा आणला. मुळं धरलेली एक फांदी तोडली, ओल्या गोणपाटात गुंडाळून तिच्या हातात दिली. आणि ऐका — वर तिला मी समजावून सांगितलं. सावलीत ठेव, पौषात पाणी तोड, पानं काढून टाक, मरतंय असं वाटलं तरी घाबरू नकोस. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग "बरं, ताई," म्हणाली, आणि टेम्पोत जाऊन बसली.