अनोखी बुआची कोथली

कळा सुरू झालेली बाई दारात आली की अनोखी बुआ आधी तिच्या नवऱ्याला गाठायची. त्याच्या हातात दोन बादल्या द्यायची आणि हातपंपाकडे बोट दाखवायची. तो स्वतः पाणी भरून आणेपर्यंत मी बाईला हात लावणार नाही, असं ती त्याला सांगे. प्रत्यक्षात आत तिचं काम केव्हाच सुरू झालेलं असे, पण ते नवऱ्याला कळत नसे. त्या गावात पुरुषाने पाणी भरणं म्हणजे अब्रू गेल्यासारखं होतं. त्यामुळे एरवी मिशीला पीळ भरत हिंडणारे लोक बादल्या घेऊन मागच्या गल्लीतून, भिंतीच्या कडेकडेने यायचे. कुणी कुरकुर केली की ती शुद्ध हरियाणवीत सुनावायची, "बहू होती तो चुप रहती. बेटी सूं गाम की. चल, दूसरी बाल्टी ला."

तिचं खरं नाव हानेके. ती हॉलंडची परिचारिका होती. कुठल्याशा संस्थेने तिला दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून पाठवलं होतं. मुदत संपली, संस्थेने परत बोलावलं, ही गेली नाही. हानेके हे नाव गावाच्या जिभेवर बसेना. त्याचं अनोखी झालं, आणि पोराटोरांसाठी अनोखी बुआ. तिला 'अंग्रेज' म्हटलेलं मात्र चालत नसे. इंग्रज वेगळे, आम्ही वेगळे, हे तिने गावाला अनेकदा समजावलं. गावाने दर वेळी मान डोलावली आणि पाहुण्यांना "ये म्हारी अंग्रेज बुआ" अशीच ओळख करून दिली.

मी तेव्हा दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं सरकारी क्वार्टर सोडून हरियाणाच्या हद्दीत सोसायटीच्या घरात राहायला आलो होतो. उदारीकरणाची सुरुवात होती. नकाशात रुंद रस्ते आणि बगीचे होते. जमिनीवर आमच्या चार इमारती, बाभळी आणि शेजारचं ते गाव. दूध गावातल्या रामफल चौधरीकडून यायचं. माझं आडनाव जोगळेकर, त्याने त्याचं 'जोगी साहब' केलं. त्याच्याचकडे मी बुआला पहिल्यांदा पाहिलं. खाटेवर पाय वर घेऊन बसली होती आणि म्हशीच्या दुधातल्या पाण्यावरून त्याला झापत होती.

तिला मी घरी जेवायला बोलावलं. पुण्याहून आई आलेली होती. "उद्या अनोखी बुआ येणार आहेत," एवढंच मी तिला म्हणालो. आईने सकाळी पाट मांडला, नारळ काढून ठेवला, बैठकीवर धुतलेली चादर घातली. दारात सलवार-कमीज घातलेली गोरी बाई पाहून ती माझ्याकडे वळली, "अरे, बुवा कुठे आहेत? मागून येतायत का?" बुआ म्हणजे आत्या हे कळल्यावर आई ओशाळली, पण नारळ तिने बुआच्या ओटीत घातलाच. बुआला या प्रकाराचं इतकं हसू आलं की पुढे आमच्या घरी येताना ती बाहेरूनच विचारायची, "कीर्तन किती वाजता?" हे वाक्य तिला माझ्या बायकोने, वसुधाने, शिकवलं होतं.

ती गावात आली तेव्हा गावापुढे एक अडचण उभी राहिली होती. तिथे बाई एक तर गावची सून असते, नाहीतर गावची लेक. सुनेने घुंघट घ्यायचा, पुरुषांसमोर जमिनीवर बसायचं, आवाज चढवायचा नाही. लेकीला डोकं उघडं टाकून फिरता येतं, खाटेवर बसता येतं, भावाला चार शब्द सुनावता येतात. ही बाई कशात धरायची? रामफलच्या म्हाताऱ्या आईने नवऱ्यावरून निकाल दिला. "इसका खसम यहाँ है के? ना. तो बेटी हुई." आणि तिने रामफलला पुढे ढकललं. त्या राखीला बुआने त्याला राखी बांधली. ओवाळणीत रामफलने आपल्या शेताच्या कडेची खोली दिली. पूर्वी तिथे चारा कापायचं यंत्र असायचं.

ती खोली तिने माझ्या डोळ्यांसमोर उभी केली. चुना लावला, फरशी घातली, दारात साबण आणि नखं घासायचा ब्रश टांगला. आत येणाऱ्या प्रत्येक सासूने कोपरापर्यंत हात धुवायचे. शेण थापून तशाच हातांनी आलेल्या सासवांना ती अंगणातूनच परत पाठवायची. त्या शिव्या देत जायच्या आणि हात धुऊन यायच्या. पुढे आमच्याभोवती इमारती वाढू लागल्या तशा बांधकामावरच्या मजूर बायकाही तिच्याकडे येऊ लागल्या. माळव्याच्या, बुंदेलखंडाच्या. दवाखाना दूर, जायला वाहन नाही, ठेकेदार सुट्टी देत नाही. त्या खोलीत किती मुलं जन्मली, हे मी सांगणार नाही. गावात प्रत्येकजण वेगळा आकडा सांगतो. मी आयुष्यभर लेखा विभागात काम केलेला माणूस आहे; जो आकडा तपासला नाही तो मी लिहीत नाही. रामफलचे दोन्ही नातू तिथे जन्मले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

खोलीच्या कागदावरून आमचं भांडण व्हायचं. मी म्हणायचो, "बुआ, रामफल चांगला माणूस आहे, मान्य. पण तहसिलीत जाऊन लिहून घे. वीस रुपयांचा स्टॅम्प पेपर तरी कर."

"जोगी भैया, तू बहिणीकडून पावती घेतोस?"

"घेतो."

"म्हणून तुझी बहीण तुला पत्र लिहीत नाही."

वसुधा आतून हसायची. मी चिडायचो. माझा राग असा तिच्यावरच सुरू झाला आणि अजूनही त्यातला काही भाग तिच्यावरच आहे.

मग शहर गावापर्यंत येऊन पोचलं. ज्या शेतात बाजरी व्हायची त्याचा भाव गजावर बोलला जाऊ लागला. पांढऱ्या गाड्या रामफलच्या दारात उभ्या राहू लागल्या. दूध बंद झालं. बुआच्या खोलीजवळून बिल्डरची माणसं फीत टाकून मोजणी करून गेली. ती रामफलला विचारायला गेली. त्याने तिला लस्सी पाजली आणि म्हणाला, "तू फिकर ना कर बहन. तेरा भाई बैठा सै."

त्याच श्रावणात रामफल तिच्याकडे कोथली घेऊन आला. कोथली हा आपल्याकडच्या कोथळीचा, म्हणजे पिशवीचाच शब्द वाटतो, पण तिकडे ती भावाने बहिणीला श्रावणात द्यायची भेट. घेवर, सुहाळ्या असा खाऊ, बांगड्या, हिरवा रेशमी सूट. इतक्या वर्षांत तिला ती कधी आली नव्हती. बुआ ते सगळं घेऊन धावत आमच्याकडे आली. गुडघे दुखायचे तिचे, पण जिन्याने वर आली. सूट अंगाला लावून वसुधाला दाखवला. घेवर सगळ्यांना वाटला. "बघ, कागद मागत होतास," मला म्हणाली. "आता मी पक्की बहीण झाले."

दुसऱ्या दिवशी रामफलची बायको संतरा वसुधाकडे आली. दूध बंद झालं तरी दोघींचं बोलणं होतं. मी घरात असल्यामुळे ती घुंघटातूनच बोलत होती. "भाभी, बुआ नै समझाओ. वा तो घेवर बांटती फिरै सै."

"का, काय झालं?" वसुधाने विचारलं.

संतराने सांगितलं ते असं. कोथली गावात राहणाऱ्या लेकीला देत नाहीत. सासरी गेलेल्या लेकीला तिच्या घरी जाऊन पोचवतात. जी आता आपल्याकडची राहिली नाही, जिचं घर दुसरीकडे आहे, तिला. रामफलने जमिनीचा सौदा केला होता, खोलीसकट. तोंडाने बहिणीला 'जा' म्हणणं पाप, म्हणून त्याने घेवर आणून दिला. साऱ्या गावाला हे पहिल्या दिवशी कळलं होतं. फक्त जिच्या हातात कोथली होती तिला कळलं नव्हतं.

हे बुआला मी सांगितलं. ती म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर चौपालीवर चल."

दुसऱ्या दिवशी ती तोच हिरवा सूट घालून चौपालीवर, म्हणजे गावच्या चावडीवर गेली. खाटेवर बसली, पाय वर घेतले. हुक्का मधे होता, चार-पाच म्हातारे, रामफल, मागे तरुण पोरं. मी ओट्याच्या कडेला उभा होतो.

"भाई," ती म्हणाली, "गाव के बच्चे मैंने जनवाए. बुआ का नेग बनता है कि नहीं?"

मूल झाल्यावर आत्याने भावाकडे मागायचा तो नेग. मागितला की भावाने द्यायचा असतो, चारचौघांत नाही म्हणता येत नाही. म्हातारे म्हणाले, बनता है. रामफलचा चेहरा सैल झाला. "माँग ले बहन. सोना माँग, भैंस माँग."

"वो कमरा दे दे."

हुक्का थांबला. सगळ्यात वयस्कर माणूस हळू, अगदी प्रेमाने बोलला. "बेटी, नेग में धरती ना माँगी जाती. धरती बेटी की ना होती."

"तो बहू बना लेते मुझे."

मागून एक पोरगा म्हणाला, "बहू होती तो चुप रहती, बुआ." सगळे हसले. तो पोरगा तिच्याच हातांत जन्मला नसेल, वयाने मोठा होता. पण त्याची दोन्ही लेकरं तिच्याच हातांत जन्मली होती. हसणाऱ्या तरुणांपैकी प्रत्येकाने तिच्या हातपंपावर बादल्या भरल्या होत्या. बुआ हसली नाही. खाटेवरून उतरली, चप्पल घातली आणि निघाली.

मला त्या हसण्याचा राग आहेच. पण रागाचं खरं कारण वेगळं आहे आणि ते मला फार उशिरा नीट मांडता आलं. त्यांनी तिला परकी म्हणून हाकललं असतं तर मी ते समजू शकलो असतो. त्यांनी तिला फसवलंही नाही. त्यांनी तिला अगदी सख्ख्या लेकीसारखं वागवलं. तहसिलीबाहेर मी पाहिलं आहे, जमिनीचे भाव चढल्यावर भाऊ आपापल्या बहिणींना नव्या गाड्यांत बसवून आणायचे. कायद्याने वाटा होता त्यांचा. हक्क सोडल्याच्या कागदावर अंगठा, मग भावाकडून समोसे आणि थंड पेय, आणि संध्याकाळी परत सासरी. त्या बहिणी आनंदाने अंगठा देत, कारण दिला नाही तर माहेर संपलं. त्याच रांगेत त्यांनी आमच्या बुआलाही उभं केलं. तिने विनाकागदाचं नातं लावलं म्हणून तिच्याकडे अंगठा मागायचीही गरज पडली नाही.

पानिपतला हातमागांच्या वस्तीत बायकांसाठी काम करणाऱ्या कुणीतरी तिला बोलावलं. पानिपतला चाललेय, असं तिने सांगितलं तेव्हा पुन्हा आमच्याकडे आलेली आई कळवळली. मराठी माणसाच्या कानाला ते बरं लागत नाही. मी तिला बसवर पोचवायला गेलो. सामान म्हणजे एक ट्रंक आणि प्रसूतीची पेटी. करोल बागेत मी स्वतः तिला ती पेटी घेऊन दिली होती. बस सुटायला वेळ होता. मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बोललो. "कागद केला असतास तर आज ही वेळ आली नसती."

"कागद मागितला असता तर पहिल्याच महिन्यात निघाले असते," ती म्हणाली. "न मागता इतकी वर्षं मिळाली. तू हिशेबी आहेस. सांग, कुणाचा तोटा झाला?"

"तुझा."

"माझा नाही, भैया." मग जरा थांबून म्हणाली, "आता तिथे संतरा राहिली. तिची सून पुन्हा पोटुशी आहे. तिच्याकडे लक्ष ठेव."

मी काय लक्ष ठेवणार होतो? तरी हो म्हणालो. बस गेली.

संतराच्या सुनेचं सगळं नीट पार पडलं. रामफलकडे गाडी होती आणि दिल्लीतलं खासगी रुग्णालय त्याला आता परवडत होतं. गाडी नव्हती ती बांधकामावरच्या बायकांकडे. बुआच्या खोलीच्या जागी खोल खड्डा खणला होता आणि त्याच खड्ड्यावर माती वाहणारी एक बाई एका दुपारी कळा येऊन सोसायटीच्या फाटकाशी बसली. तिच्याबरोबरच्या बायकांना कुणीतरी जुन्या माहितीवरून तिथे पाठवलं होतं. त्या चौकीदाराला विचारत होत्या, अंग्रेज बुआचं घर कुठे आहे. मी आणि वसुधाने तिला आमच्या गाडीत घातलं आणि रुग्णालयाकडे निघालो. महामार्ग नव्याने बनत होता, एकच बाजू चालू, ट्रकांची रांग. बाई वाचली. मूल वाटेतच गेलं. मुलगी होती.

सकाळी मी रामफलकडे गेलो. घर तीन मजली झालं होतं, अंगणात संगमरवर. तो खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. मी त्याला काय झालं ते सांगितलं; खोलीचा उल्लेख केला नाही. त्याने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. त्याला खरंच वाईट वाटलं, डोळे पुसले त्याने. माझ्यासाठी चहा मागवला. घुंघट ओढून संतरा कप ठेवून गेली आणि दाराआडच उभी राहिली.

"आज म्हारी बहन होती, जोगी साहब," रामफल म्हणाला, "तो या नौबत ना आती."

"बहन थी, चौधरी साहब," मी म्हणालो, आणि चहा तसाच ठेवून उठलो.