आत्याबाईंचं रक्त

मंगळवार, सकाळचे साडेदहा. लातूर, आमचं घर. हजर: आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, हे, आणि मी. अकराला दवाखान्याची वेळ घेतली होती. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत.

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही — यांनाही नाही. तुम्हाला सांगते.

पाच वर्षांपूर्वी आत्याबाईंच्या उजव्या घोट्यापाशी जखम झाली. लुगड्याचा काठ लागला तरी कळवळायच्या. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, भरेना. मग डॉक्टर म्हणाले, त्यांचंच रक्त काढू, यंत्रात फिरवू, त्यातला पिवळसर थर जखमेवर ठेवू. आत्याबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून समजावलं मला. त्यांना नीट सांगायचं काम माझं. मी कामं विसरत नाही. हे कामही विसरले नव्हते.

त्यांचं रक्त पहिल्यांदा काढलं त्या दिवशी मी माझीही साखर तपासून घेतली होती. माझ्या कोपरावरचा कापूस बघून त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी रगत दिलीस व्हय गं?" आपलं काढलं ते नुसतं तपासणीला, जखमेवर ठेवलं ते सुनेचं, असा त्यांचा समज. मी हो म्हटलं नाही — पण नाही तरी कुठे म्हटलं? आणि तेवढ्यावर थांबले असते तर? पुढच्या मंगळवारी — कसं लिहू — दवाखान्याच्या मोरीत जाऊन मी कोपरावर कापूस चिकटवला. सुई न टोचता. असं सात वेळा.

जखम भरली. आत्याबाई देवळापर्यंत चालत जायला लागल्या. गल्लीत सांगायच्या, "माझ्यात काय राहिलंय? सुनंच्या रगतावर उभी हाय मी." बावीस वर्षं माझ्या भाकरीला नावं ठेवणारी बाई! ऐकायला मला आवडायचं. अजून आवडतं. घरात सुख आहे, खोटं कशाला बोलू? पण तो पाय त्यांच्याच रक्तानं बरा केला होता — आणि त्यांना वाटतं, आपल्यात काही उरलं नाही.

आता डाव्या पायाला तशीच जखम झाली आहे. पाऊल टेकवत नाही. तरी सकाळी म्हणाल्या, "मी न्हाई यायची. वाळून काटकी झालीस. आणिक किती पिऊ तुला?"

हे हसले. "आई, म्हशीसारखी ठणठणीत हाय ती."

"तू गप रे! तुला काय कळतंय?"

दवाखान्याची वेळ दुपारी चारवर घेतली. रिक्षावाल्याला कळवलं. जुने कागद पिशवीत घातले. आत्याबाईंना सांगायचं राहिलं आहे.