कुसुमच्या भिंतीतले रिकामे खण

दीड महिन्यापूर्वी तुमची कुसुमआत्याआजी गेली, तेव्हा तुमचे बाबा तिकडून फोनवर म्हणाले, "बिचारी, शेवटपर्यंत एकटीच राहिली." फोनवर वाद घालायला मला आवडत नाही, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण भेटायला येणारा प्रत्येक जण तेच म्हणू लागला. म्हणून आता लिहिते आहे, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहिते आहे. मुलांनो, माझी नणंद बिचारी नव्हती. तिला काय हवं ते तिला ठाऊक होतं, आणि ते तिने मिळवलं.

सीबीडी बेलापूरला सरकारी कचेरीत नोकरी करत असताना तिने तिथेच फ्लॅट बघितला, तेव्हा मी सोबत होते. एजंट कपाटाची जागा दाखवत होता आणि ही आतल्या रिकाम्या खोलीत मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती. एकेक टाळी भिंतींवर आपटून खणखणीत परत येत होती. एजंट हळूच मला म्हणाला, "मॅडमना बरं नाही का?" कुसुमने ते ऐकलं. "मॅडम खोली तपासतायत," ती म्हणाली. "मागची भिंत उद्धट आहे, पण तिला वळण लावू." ही खोली फक्त गाणं ऐकायची, असं तिने जाहीर केलं. तुमचे आजोबा चिडले. "एकटीला गाण्याची खोली? पाहुणे आले तर झोपतील कुठे?" ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुझ्याकडे."

माझ्या सासऱ्यांच्या घरात रेडिओ त्यांच्या मर्जीने लागायचा आणि कुसुमला सारखं ऐकावं लागायचं, "आवाज कमी कर." त्यामुळे भिंतीला काय लावायचं हे निवडायला आम्ही मुंबईतल्या दुकानात गेलो, तेव्हा तिथला माणूस नेमकं नको तेच बोलला. "मॅडम, सगळीकडे फोम लावा, भिंती एकदम गप्प होतील." कुसुम म्हणाली, "गप्प बसणं मी पुष्कळ केलंय. भिंतींना कशाला ती शिक्षा?" तिला आवाज गिळणारी भिंत नको होती, आवाज पसरवणारी हवी होती. सपाट भिंतीवर चेंडू मारला तर तो थेट तोंडावर येतो, खडबडीत दगडी भिंतीवर मारला तर भलतीकडेच उडतो, तसंच हे, असं तिने मला समजावलं. शेवटी परदेशी मासिकातलं चित्र दाखवून तिने तुर्भ्याच्या सुताराकडून लाकडी पॅनल करून घेतली. चौकोनी खणच खण, एक खोल, शेजारचा उथळ. तिच्या खुर्चीमागची भिंत त्यांनी भरून गेली. मग रेकॉर्ड लावली, आणि गाणारी बाई भिंतीवर न आपटता आमच्या चहूबाजूंनी गायला लागली... तुमचे आजोबासुद्धा चहा घ्यायला विसरले.

पण आपल्या लोकांना रिकामा खण बघवत नाही. "शोकेस छान केलीस हो, पण त्यात काही ठेवलं कसं नाहीस?" असं येणारा प्रत्येक जण म्हणे आणि जाताना काहीतरी ठेवून जाई. शेजारणीने काचेची बदकं ठेवली. आजोबांनी वास्तुशांतीला पितळी गणपती आणला आणि थेट मधल्या खणात बसवला. कुसुमने नमस्कार करून तो उचलला. "दादा, देव देवघरात. इथे आवाज राहतो." आजोबा तणतणत निघून गेले. तिने मात्र रोज संध्याकाळी कचेरीतून येऊन, चहाचा कप घेऊन, त्या खुर्चीत बसायचं सोडलं नाही. त्याच खुर्चीत ती गेली. रेकॉर्ड संपून नुसतीच फिरत होती...

तेराव्याला सगळे तिच्या घरी जमले. तुमच्या सुनीलकाकाने फोटो मोठा करून आणला होता, चंदनाचा हार घातलेला, आणि तो त्याने मधल्या खणात टेकवून ठेवला होता. वरच्या खणात उदबत्ती, शेजारी निरांजन. "आत्यासाठी जागा छान आहे ना?" तो म्हणाला. "पुढे ही पॅनल काढून इथे वॉर्डरोब करता येईल, खोली भाड्यानेसुद्धा जाईल." फ्लॅट कुसुमने माझ्या नावे ठेवला आहे, हे त्याला माहीत होतं. तरी खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उठले. निरांजन उचललं, उदबत्ती उचलली, मग फोटो उचलला आणि बाहेरच्या खोलीत देवघराशेजारी नेऊन ठेवला.

"आई, अगं काय करतेस? लोक काय म्हणतील?" सुनील म्हणाला.

"म्हणू देत. या भिंतीत तिने स्वतःलाही ठेवू दिलं नसतं. आणि वॉर्डरोब होणार नाही, भाडेकरूही येणार नाही."

तेराव्याच्या दिवशी करू नये ते मग मी केलं. खोलीच्या मधोमध उभी राहिले आणि जोरात टाळी वाजवली. माझी जाऊ दचकली. टाळी परत आली नाही. ती खणाखणांतून पसरली आणि हलकेच विरली... भिंत अजून वळणात आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिकडे जाते, खण कोरड्या फडक्याने पुसते आणि तिच्या खुर्चीत बसून एक रेकॉर्ड ऐकते. आवाज कमी करत नाही. सुट्टीत याल तेव्हा माझ्यासाठी शोभेच्या वस्तू आणू नका. इथे ठेवायला जागा नाही.