पेटवू का, भाऊजी?

नाकमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आठवायला आता त्यांच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागलं असतं. गॅरेजात गाडी आली की बाकीचे मेकॅनिक बॉनेट उघडतात. हे मागे जायचे, चालू इंजिनाच्या धुरात नाक घालायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "पेट्रोल जास्त पितेय," नाहीतर "हिला हवा जास्त होतेय." बस्स! आणि त्यांना चुकलेलं पाहिलंय असा माणूस मला तरी अजून भेटायचाय.

गॅरेज दोघांचं होतं. इंजिन मास्तरांकडे, वायरिंग त्यांच्या वहिनींकडे. थोरला भाऊ होता तोवर वायरिंग तो बघायचा. तो गेला आणि वहिनींनी त्याचा टेस्टर उचलला तो उचललाच. वायर जोडली की तिच्यावर प्लास्टिकची नळी चढवायची, लायटरची आच द्यायची, म्हणजे नळी आकसून जोड घट्ट बसतो. पण जिथं पेट्रोल सांडतं तिथं आच देणं म्हणजे विस्तवाशी खेळ. म्हणून दोघांत एक रीत पडली होती. वहिनी आधी विचारायच्या, "पेटवू का, भाऊजी?" मास्तर हवेत नाक फिरवायचे आणि म्हणायचे, "पेटवा." त्याशिवाय लायटर पेटत नसे.

आणि बघा कर्म! गेल्या हिवाळ्यातल्या तापात मास्तरांचं नाक गेलं. चेहऱ्यावर होतं तसंच, चांगलं लांबलचक. पण वास म्हणून येईना. ना साबणाचा, ना पेट्रोलचा. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, किंवा नाहीही. मास्तरांनी हे कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! नाकच नाही म्हटल्यावर नाकमास्तराला विचारतंय कोण? ही एकच धास्ती त्यांना झोपू देत नव्हती. कान लावून, प्लगवरची काजळी बघून ते वेळ मारून नेत होते. आणि वहिनींनी विचारलं, की जमिनीकडे एक नजर टाकून "पेटवा" म्हणत होते.

त्यात एका नर्सबाईंची जुनी गाडी आली. चढावरच्या घरांत रोगी बघायला जायची आणि चढावरच बंद पडायची. पेट्रोलचा फिल्टर तुंबला होता, पण तेवढ्यानं भागणारं नव्हतं. वहिनींनी इंजिनाचा कॉम्प्युटर बदलला आणि एक सेन्सर आणला, बोटाएवढा.

"हे काय करणार?" मास्तरांनी नाक मुरडलं.

"तुम्ही करता तेच. सायलेन्सरच्या पाइपात बसायचं, धुरात हवा किती, पेट्रोल किती ते ओळखायचं आणि कॉम्प्युटरला कळवायचं. की तो लगेच पेट्रोल कमीजास्त करणार."

"लगेच म्हणजे?"

"तुमची पापणी लवेपर्यंत कितीदा तरी."

 वहिनी रंगात आल्या. ही वायर सेन्सरला तापवायची, ही निरोप न्यायची, आणि ही अर्थिंगची. ती कुठल्याही लोखंडाला जोडून चालत नाही, कॉम्प्युटरची अर्थिंग जिथं जोडलेली असते तिथंच न्यायची, नाहीतर निरोपात खोट येते. जोडणी झाली. "पेटवू का, भाऊजी?" "पेटवा." नळ्या आकसल्या.

"आता याला आधी मोकळी हवा दाखवायची," वहिनी म्हणाल्या. "त्यावरून हा बाकीचं मोजतो." त्यांनी सेन्सर बाकाच्या कडेला लटकवला आणि त्याचं माप दाखवणाऱ्या, बाकावरच्या डायलचं बटण दाबलं. त्याच बाकाखाली मास्तरांनी मघाशीच फिल्टर काढून त्यातलं पेट्रोल ट्रेमध्ये ओतून ठेवलं होतं. उघडंच. एरवी त्या वासानं त्यांना क्षणभर बसवलं नसतं.

सेन्सर पाइपात बसला, गाडी चालू झाली. डायलवर काटा थरथरला आणि मधोमध येऊन उभा राहिला. मास्तर बघतच राहिले. पण मागून काळा धूर यायला लागला.

"काटा म्हणतो ठीक, धूर म्हणतो नाही," वहिनी वैतागल्या. "भाऊजी, जरा वास बघा ना."

मास्तर वाकले, डोळे मिटले. काहीच नाही. डोळे तेवढे चुरचुरले. "ठीक आहे," ते म्हणाले.

त्यांनी ठीक म्हटल्यावर इंजिनावर संशय घेण्याची सोयच नव्हती. वहिनींनी दोष आपल्या जोडाला दिला. गाडी बंद करून त्या बाकाशी गुडघ्यावर बसल्या, वायर कापली, पुन्हा जोडली, नळी चढवली आणि लायटर हातात घेतला. "पेटवू का, भाऊजी?"

"पेट..." म्हणता म्हणता मास्तरांची नजर खाली गेली. बाकाखालचा ट्रे त्यांच्याच गुडघ्याच्या धक्क्यानं कलंडला होता. वहिनींच्या गुडघ्याखालची फरशी चकाकत होती.

"नको! नको, नको, वहिनी, उठा!"

त्यांनी दंड धरून वहिनींना दाराबाहेर ओढलं. दोघं भिंतीला टेकून धापा टाकत उभे राहिले.

"पेट्रोल सांडलंय तिथं," मास्तर म्हणाले.

"वास येत होता मला मघापासून."

"मग?"

"मग काय! म्हटलं, नाकमास्तर समोर उभे आहेत. असतं तर बोलले नसते का? आपलंच नाक फसतंय."

 एवढा विश्वास! स्वतःच्या नाकावर नाही, तो मास्तरांच्या नाकावर. ते पायरीवर बसले आणि एवढे दिवस गिळून ठेवलेलं बोलून गेले. "वहिनी, मला वास येत नाही. तापापासून."

वहिनी हातातल्या लायटरकडे बघत राहिल्या. किती "पेटवा" आठवले असतील, देव जाणे! मग आत जाऊन त्यांनी फरशीवर वाळू टाकली, सगळी दारं सताड उघडली. "ढकला गाडी बाहेर," एवढंच म्हणाल्या.

रस्त्याकडेला सेन्सर पुन्हा काढला; मघाशी बाकाखालच्या पेट्रोलच्या वाफेलाच तो मोकळी हवा समजून बसला होता. वाऱ्यावर धरला, बटण दाबलं, परत बसवला. गाडी चालू झाली. वहिनींनी पेडल दाबलं, काटा हलला आणि आपसूक जागेवर आला. परत दाबलं, परत आला. धूर दिसेनासा झाला. आयुष्यभर डोळे मिटून जे ओळखलं ते मास्तर आज उघड्या डोळ्यांनी बघत होते, आणि अंगावर काटा उभा राहत होता. इंजिन श्वास घेतं हे त्यांनी हजारदा म्हटलं असेल, पाहिलं नव्हतं.

ते सायलेन्सरपाशी जाऊन बसले. "वहिनी, इकडे या. कसा येतोय वास?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"येतो तसा सांगा."

वहिनी वाकल्या. लाजत, अडखळत म्हणाल्या, "पेट्रोलचा नाही येत. डोळ्यांनाही लागत नाही. नुसतं तापलेलं लोखंड... आणि थोडी वाफ, ओले कपडे इस्त्रीखाली यावेत तशी."

मास्तरांनी डोळे मिटले होते. "हां," ते म्हणाले, "अगदी असाच यायचा." आणि त्यांना रडू आवरेना.