सात रस्त्यावरून अमेरिकेची मतं

फॉर्मवर पाच प्रश्न. त्याबाहेरचं माणूस काहीही बोललं तरी लिहायचं नाही. मग ते न लिहिलेलं जातं कुठं? आमच्या डोक्यात. माझ्याकडं दोन महिन्यांत एवढं साठलंय की जेवताजेवता एखादं आपोआप बाहेर पडतं.

आमचं ऑफिस सात रस्ता चौकाजवळ, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर. अमेरिकेत एका मोठ्या शहराच्या कडेला एक काउंटी आहे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखंच काहीतरी. नवे बंगले, पुढं हिरवळ. तिथल्या मतदारांना आम्ही फोन करायचो. तिकडं मोठे पक्ष दोनच, एकाचा रंग लाल, दुसऱ्याचा निळा. गेल्या वेळी कुणाला दिलं, या वेळी कुणाला देणार, नक्की का? तिकडची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ. काम निवडणुकीपुरतंच. पुढं काय, हे आमच्या जाधव सरांनाही ठाऊक नव्हतं. रोजचे आकडे लालकडून निळ्याकडं आणि परत लालकडं जायचे. सर खुर्चीत बसायचेच नाहीत.

*

एका शनिवारी एक बाई फोनवर आल्या. मोठ्यानं म्हणाल्या, "लाल. आमच्या घरात पहिल्यापासून लालच." मग हळूच, "दहा मिनिटांनी माझ्या मोबाईलवर करा." नंबर दिला.

मी केला. आवाज घुमत होता. "गॅरेजमध्ये आलेय. निळा लिहा."

मी सरांना विचारलं, कुठलं धरू? सर म्हणाले, "माणूस एकटा असताना सांगतो ते."

पाच मिनिटांत घरच्या नंबरवरून फोन आला. त्यांचे मिस्टर. "ती काय म्हणाली ते विचारत नाही. फक्त एवढं सांगा, गॅरेजमधून बोलली का?"

मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

*

हे डोक्यातून जाईना. होटगीला घरी आले की आईकडं बघत बसायचे. शेवटी एकदा विचारलंच, "आई, तू कुणाला मत देतीस गं?"

ती भाकरी थापत होती. "तुज्या बापाला सांगितलं न्हाई आजवर, तुला सांगू व्हय?"

बाबा पेपर वाचत होते. पेपर खाली आला. "म्हंजी? मी सांगतो त्यालाच देतीस न्हवं?"

आई म्हणाली, "सरका जरा, भाकरी करपाय लागली."

*

निवडणूक आली की तिकडं लोक अंगणात आपल्या पक्षाची पाटी रोवतात. एक म्हातारे गृहस्थ एकाही प्रश्नाचं उत्तर देईनात. "माझ्या मताचं सोडा. शेजाऱ्याची पाटी वीतभर माझ्या हद्दीत आलीय, ते लिहून घ्या."

मी म्हटलं, "त्याची पाटी कुठल्या पक्षाची आहे?"

"माझ्याच," ते म्हणाले. "म्हणून तर या वेळी दुसऱ्यांना देणार आहे."

बाबांना सांगितलं तर त्यांना फार बरं वाटलं. "बांधाची भांडणं तितं बी हायत की."

*

माझ्या शेजारी श्रीनिवास बसायचा. त्याच्या घरी चादरीचे माग, घरात तेलुगू. एकदा पलीकडचा माणूसही तेलुगू निघाला. कित्येक वर्षं थांबून त्याला तिकडचं नागरिकत्व मिळालेलं, आणि हे त्याचं पहिलंच मत. दोघं बावीस मिनिटं बोलले. जाधव सर घड्याळ दाखवत मागं उभे.

फोन ठेवल्यावर श्रीनिवासचा चेहरा उतरला होता. मी विचारलं, काय झालं?

"रडायच्या घाईला आला होता गं. म्हणला, गावाकडं आत्या सांगायची त्यालाच आमचं सगळं घर मत द्यायचं. हितं विचारायला कुणी न्हाई. तूच सांग, कुणाला देऊ?"

"मग तू काय सांगितलंस?"

"आपल्याला सांगता येत न्हाई, नियम हाय. त्याला म्हणलं, आत्याला फोन लाव."

*

आणि एक आजी. यादीत नाव त्यांच्या मिस्टरांचं होतं. ते उन्हाळ्यात गेले, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी माफी मागून फोन ठेवणार, तर म्हणाल्या, "मला विचारा ना."

ते लाल, त्या निळ्या. एकेचाळीस वर्षांचा संसार. दर वेळी एकाच गाडीतून मतदानाला जायचे. वाटेत ते दर वेळी म्हणायचे, "तुझं मत माझं खोडणार, माझं तुझं. घरीच बसलो तरी तेवढंच." तरी जायचे. येताना एकत्र जेवायचे.

"या वेळी?" मी विचारलं.

"निळा."

"नक्की?"

"नक्की. या वेळी खोडायला कुणी नाही."

निकाल लागल्यावर शेवटचा आठवडा आम्हाला परत त्याच लोकांना विचारायचं होतं, मत दिलं का. आजींना मीच फोन केला. त्यांनी माझा आवाज ओळखला.

"गेले होते," त्या म्हणाल्या. "गाडी लावली. रांगही नव्हती. थोडा वेळ गाडीतच बसले, मग गाडी वळवली."

"म्हणजे मत दिलं नाहीत?"

"नाही," आजी म्हणाल्या. "बरोबरीत ठेवलं."