ढोमणेसाहेब आणि मी ‘निरंक’ लिहिलेली शेती

बदलीवर पुण्याहून भोपाळला आलो, तेव्हा कारखान्याच्या वसाहतीत आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये श्री. नामदेवराव ढोमणे राहत असत. आमचे सामान अजून ट्रकमध्येच होते, तोच ते डबाभर तुरीची डाळ घेऊन दारात उभे राहिले. "घरच्या शेतातली आहे, कुलकर्णीजी. आज कुठे दुकान शोधत फिराल?" ही आमची पहिली ओळख. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात टूलरूममधल्या त्यांच्या कारागिरीविषयी इतर मंडळी लिहितीलच. मला जे लिहायचे आहे त्यात त्यांचा मोठेपणा आहे आणि माझा भित्रेपणाही.

विदर्भातल्या गावाहून त्यांच्याकडे दरवर्षी ज्वारीची नि तुरीची पोती येत. आम्ही शहरी मंडळी थट्टा करायचो, "साहेब, पगार पुरत नाही वाटतं?" ते हसत म्हणायचे, "अहो, घरात धान्य होतं म्हणून तर वडलांची मजुरी माझ्या शाळेला उरली. आमच्या तीन एकरांनी बाजार कधी पाहिला नाही, पण मला फोरमन केलं." आम्ही ते हसण्यावारी नेत असू.

पुढे कारखान्याच्या कल्याण विभागाने शहराच्या कडेच्या सोनागिरी वस्तीपलीकडच्या एका खेड्याला मदत करायचे ठरवले. गावाची मागणी एकच होती: आमचे यंदाच्या पावसात फुटलेले तळे बांधून द्या. समितीचे प्रमुख ढोमणेसाहेब होते आणि घरोघरी जाऊन तक्ते भरायचे काम माझ्याकडे होते. निघताना त्यांनी बजावले, "काय विकता ते विचारू नका. काय खाता ते विचारा. जमलं तर धान्याची कोठी उघडून बघा."

मी मात्र छापील तक्त्याशी इमान राखले. रामकलीबाई नावाच्या एका विधवा बाईंना विचारले, शेतीतून काय मिळते? त्या संकोचून म्हणाल्या, "बेचते तो कुछ हैं नहीं, बाबूजी. बस, खाने भर का हो जाता है." शेतीच्या उत्पन्नाच्या रकान्यात मी ‘निरंक’, म्हणजे शून्य, लिहिले. घरोघरी तेच उत्तर मिळाले नि घरोघरी मी तोच शब्द लिहिला. रामकलीबाईंच्या घरात गव्हाने भरलेली मातीची कोठी होती. मी तिलाच टेकून लिहीत होतो.

त्या आठवड्यात ढोमणेवहिनी इस्पितळात होत्या. माझ्यावर भरवसा ठेवून साहेबांनी न वाचताच सही केली. ज्या शेतीतून काहीच येत नाही, तिच्यासाठी तळे कशाला, असे वरिष्ठांनी ठरवले आणि गावाला तळ्याऐवजी शिलाई यंत्रे मिळाली. त्या हिवाळ्यात गव्हाला पाणी मिळाले नाही. पूर्वी मजुरीच्या पैशांत शाळा, औषध, कपडा भागत असे. आता ते विकतच्या पिठातच संपू लागले. रामकलीबाईंनी मुलीची शाळा सोडवली आणि दोघी सोनागिरीत विटा वाहू लागल्या.

एक दिवस गावकरी जाब विचारायला आले. "साहब, आपने लिख दिया हमारे खेत में कुछ नहीं होता?" रामकलीबाईंनी विचारले. ढोमणेसाहेबांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "हाँ बाई, दस्तखत मेरे हैं. गलती मेरी है," ते म्हणाले. मी त्यांच्या मागेच उभा होतो. बढतीची यादी लागायची होती, म्हणून मी ब्रही काढला नाही.

त्यांनी मला पुढेही कधी एका शब्दाने दुखावले नाही. फक्त दर रविवारी फावडे घेऊन ते सायकलने त्या गावाला जाऊ लागले. लोकांच्या बरोबरीने राबून तीन उन्हाळ्यांत त्यांनी तळ्याची पाळ उभी केली. मला त्यांनी बोलावले नाही आणि मीही आपणहून गेलो नाही. याची लाज मला आजही वाटते.

गेल्या महिन्यात मी त्या गावात गेलो, तक्ता कोणी भरला होता ते रामकलीबाईंना सांगायला. त्यांना वारून दोन वर्षे झाली होती. त्यांची मुलगी म्हणाली, "ढोमणे साहब से गलती हुई थी, पर अम्मा ने कब का माफ कर दिया था." मला तिच्यासमोरही धीर झाला नाही. चहा पिऊन परतलो.

ढोमणेसाहेब, तो तक्ता मी भरला होता. आज साऱ्या वसाहतीपुढे हे लिहून देतो आहे. आपली प्रकृती ठणठणीत राहो, आपल्याला भरपूर आयुष्य लाभो. खरे बोलायला मला फार वर्षे लागली, आणि ज्यांची क्षमा मागावी असे आता आपण एकटेच उरला आहात.