दाजींचा काटा

"तुझं दाजी गेलं रं…" आक्काचा फोन आला तेव्हा मी जतमध्ये पाण्याच्या टँकरची वाट बघत होतो. आणि काय सांगू, मला सगळ्यात आधी आठवल्या त्यांच्या चपला! आता महिना उलटला, तरी दाजी म्हटलं की चपलाच डोळ्यांपुढं येतात.

थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून आमचे दाजी. कुपवाडला एका वर्कशॉपात लेथवर होते. माणूस सोन्यासारखा, पण दारू रोजची, वर्षानुवर्षं. दारू लिव्हर खाते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती पायही खाते हे आम्हाला दाजींमुळं कळलं. तळवे पार बधिर झाले. चप्पल वाटेत निसटायची, यांना पत्ता नाही. एक पाय अनवाणी, तरी चाल रुबाबदार! मागोमाग गल्लीतलं कुणीतरी दुसरी चप्पल घेऊन दारात हजर. शेवटी आक्कानं चपलांना मागून पट्टे शिवून घेतले. म्हणाली, "आता बालवाडीत बी घालते तुमास्नी!"

सांगलीच्या डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचून विचारलं, "दुखतंय का?" छताकडं बघत दाजी म्हणाले, "टोचा की, मी कवाची वाट बघतोय!" डॉक्टर टोचून कधीच मोकळे झाले होते. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. लिव्हर आकसलंय, ते काही पहिल्यासारखं होणार नाही, पण दारू कायमची सुटली तर पायांत जीव येईल कदाचित, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्या 'कदाचित'वर गड्यानं दारू सोडली. एकदम सोडणं घरी धोक्याचं, म्हणून दवाखान्यात राहून. हात थरथरायचे, घामानं अंथरूण भिजायचं… पण सोडली. मग रोज संध्याकाळी आक्का तळव्यावर काडी फिरवायची. "कळतंय का?" "न्हाई." रोज तेच.

पुढच्या वर्षी दोघं आमच्या गावच्या जत्रेला आली. रानातनं चालताना दाजी एकदम ओरडले, "आई गं!" आणि मटकन खाली बसले. बाभळीचा काटा चप्पल फोडून तळव्यात घुसला होता. मी उपटायला गेलो, तर माझा हात झटकला. "थांब रं, काढू नगं! दुखतंय… लय दुखतंय!" डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. आक्का त्यांचा पाय मांडीवर घेऊन विचारत राहिली, "हितं? आन् हितं?" लंगडत लंगडत त्यांनी जत्राभर पेढे वाटले. लोक विचारायचे, "नातू झाला काय?"

"न्हाई वं, काटा रुतला!"

पट्टे त्याच दिवशी कापून टाकले. पुढची कितीतरी वर्षं मजेत चालले, आम्हालाही चालवलं. शेवटी ते आकसलेलं लिव्हर थकलंच.

परवा कुपवाडला गेलो. चपला दारातच आहेत. आक्कानं देव्हाऱ्यातला करंडा उघडून दाखवला… तोच काटा. मी सहज बोटाला टोचून बघितला.

"दुखलं?" आक्कानं विचारलं.

"लय."

"मग झ्याक!" ती म्हणाली, आणि दाजी गेल्यापासून पहिल्यांदा खळखळून हसली.